साक्षीदाराचं पोटपाणी



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते ते आपले मास्तर पेपर वाचायचे म्हणजे शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे. मराठी आणि कन्नड, दोन्ही. फोटोखालच्या ओळीत एखाद्या गावाचं नाव चुकलेलं दिसलं की लाल शाईनं दुरुस्त करून संपादकांना कार्ड टाकायचे. त्या ओळीच्या शेवटी कंसात कधीकधी एक नाव असतं, बऱ्याचदा नसतं. त्या नावाच्या माणसाबद्दल मला आज बोलायचं आहे. मी स्वतः आयुष्यभर तेच काम केलं, त्यामुळे जे सांगेन ते आतून सांगेन.

बातमी फोनवरून मिळते. पोलीस ठाण्यात फोन लावला, तहसीलदारांशी बोललं, गावातल्या दोघांना विचारलं, की टेबलाशी बसून चांगली बातमी लिहिता येते. फोटो तसा मिळत नाही. आग लागली तर आगीपाशी, पूर आला तर पाण्यापाशी, लाठीमार झाला तर लाठीच्या टप्प्यात जावंच लागतं. वर्तमानपत्राच्या कचेरीत हा एकच माणूस असा आहे, की जो जागेवर हजर नव्हता तर त्याचं काम झालंच नाही. म्हणून तो साक्षीदार असतो. आणि या साक्षीदाराचं पोट, त्याचा जीव आणि त्याचं नाव या तिन्हींची पत्रास आपल्याकडे फारशी कुणी ठेवत नाही. मालक ठेवत नाहीत, सरकार ठेवत नाही, आणि दुखेल असं बोलतो, वाचकही ठेवत नाहीत.

साक्षीदार हा शब्द मी उगाच वापरत नाही. २६ नोव्हेंबर २००८ ची, मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्याची रात्र आठवा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरच टाइम्स ऑफ इंडियाची जुनी इमारत आहे. स्टेशनात गोळीबार चालू असल्याचं कळताच ‘मुंबई मिरर’चे फोटो एडिटर सेबॅस्टियन डिसूझा कॅमेरा आणि लेन्स उचलून रस्ता ओलांडून आत शिरले. टाइम्सचे छायाचित्रकार श्रीराम वेर्णेकर हेही त्या रात्री तिथं होते. डिसूझा एका रिकाम्या गाडीच्या डब्यात शिरले आणि तिथून त्यांनी फोटो काढले. खांद्यावर पिशवी, हातात बंदूक घेऊन चालत येणारा अजमल कसाब साऱ्या जगानं पाहिला तो त्या फोटोत.

आता धंद्यातला माणूस म्हणून तो फोटो तुम्हाला थोडा जवळून दाखवतो. रात्रीचं स्टेशन. उजेड पिवळा आणि अपुरा. लांबच्या माणसाला जवळ आणायचं तर लांब पल्ल्याची लेन्स लागते, आणि लेन्स जेवढी लांब तेवढा हाताचा कंप फोटोत जास्त उतरतो. तो उतरू नये म्हणून शटर भरभर उघडझाप करायला हवं, आणि तसं केलं की उजेड आणखी कमी पडतो. एरवी आपण फ्लॅश मारून मोकळे होतो. पण समोर बंदूकवाला असताना फ्लॅश मारणं म्हणजे आपण कुठं उभे आहोत ते त्याला सांगणं. मग उरतं काय? श्वास रोखायचा, कोपर बरगडीला घट्ट लावायचं, डब्याच्या दाराची चौकट आधाराला घ्यायची, आणि तो माणूस उजेडात येईपर्यंत थांबायचं. पळून जावं असं सगळं अंग सांगत असताना थांबायचं. त्या फोटोत कसाबचा चेहरा ओळखू येतो, यामागे हे सगळं आहे.

पुढं खटल्यात डिसूझा आणि वेर्णेकर दोघंही साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिले. हा फोटो मी काढला, या ठिकाणी, या वेळी काढला, हे त्यांनी शपथेवर सांगितलं. मे २०१० मध्ये विशेष न्यायालयानं कसाबला दोषी ठरवलं आणि २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्याची फाशी कायम केली. त्याच निकालपत्रात न्यायालयानं हॉटेलांतल्या कारवाईचं थेट प्रक्षेपण करणाऱ्या दूरचित्रवाहिन्यांवर कडक ताशेरे ओढले आहेत. जवान कुठून चढतायत, कुठं उतरतायत हे सीमेपलीकडं बसलेल्या सूत्रधारांना टीव्हीवर दिसत होतं. रात्र तीच, शहर तेच, हातात कॅमेराच. एकीकडं त्या कॅमेऱ्यानं न्यायाला हात दिला आणि दुसरीकडं मारेकऱ्यांना. पत्रकारितेच्या वर्गात शिकवायला याहून मोठा धडा माझ्या माहितीत नाही.

मुंबईचं सांगितलं, आता आपल्या तालुक्याकडं येऊ. कलघटगीसारख्या गावात नुसत्या पेपरचा फोटोग्राफर हा प्राणी नसतो. त्याचा बाजारपेठेत एक गाळा असतो. पुढं काचेच्या कपाटात फ्रेमा, मागं निळा पडदा आणि दोन दिवे. पासपोर्ट साइजचा फोटो, शाळेचा ग्रुप फोटो, निवृत्त होणाऱ्या गुरुजींचा सत्कार, साखरपुडा, लग्न, डोहाळजेवण, बारसं. आपल्या गावचा रंगीत लाकडी पाळणा दूरदूर जातो. त्या पाळण्यात बाळ घातल्याचे फोटोही हाच काढतो. यातून घर चालतं. आणि या सगळ्याच्या मधे फोन येतो: कारवार रस्त्यावर ट्रक उलटला, या. किंवा शेताच्या विहिरीत मृतदेह सापडला, पंचनाम्याला फोटो पाहिजेत, या.

पंचनाम्याचं काम बाहेरच्यांना माहीत नसतं. मृतदेह हलवण्याआधी तो जसा आहे तसा काढायचा. चारी बाजूंनी काढायचा. मग चेहरा. मग अंगावरच्या खुणा, जवळ मोजपट्टी ठेवून. हातातलं कडं, गोंदण, चपला, कारण बेवारस माणसाची ओळख पुष्कळदा चेहऱ्यावरून पटत नाही, चपलेवरून पटते. वास येत असतो. नातेवाईक येऊन उभे असतील तर त्यांच्या तोंडाकडं बघवत नाही. काम उरकून तो माणूस घरी येतो, आंघोळ करतो आणि संध्याकाळी हळदीच्या कार्यक्रमाला हसऱ्या चेहऱ्यानं हजर होतो. त्या पंचनाम्याचं बिल कधी निघेल याचा नेम नसतो. त्यातलाच एक, बघवेल असा फोटो तो पेपरला पाठवतो.

या फोटोचं पुढं कोर्टात काय होतं हेही नीट समजून घ्या, कारण इथं तरुण फोटोग्राफर बसलेले दिसतायत. फिल्म होती तेव्हा वकील विचारायचे, निगेटिव्ह कुठं आहे? निगेटिव्ह दाखवली की वाद मिटायचा. आता निगेटिव्ह नाही, मेमरी कार्ड आहे. पुरावा कायद्याच्या ६५-ब कलमानं अशा इलेक्ट्रॉनिक नोंदीला प्रमाणपत्र लागायचं. ते खरंच लागतं की नाही यावर बरीच वर्षं उलटसुलट निकाल येत होते. त्याचा सोक्षमोक्ष लागला तो मराठवाड्यातल्या एका निवडणूक याचिकेत. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही हा वाद होता, आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतलं चित्रीकरण. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की मूळ उपकरणच न्यायालयात हजर केलं नसेल तर प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून नवा भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्यात हे ६३ व्या कलमात आहे, आणि प्रमाणपत्रात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे त्या फाइलचा अंगठ्याच्या ठशासारखा आकडा, द्यावा लागतो. फाइलमध्ये एक ठिपका जरी बदलला तरी तो आकडा बदलतो. म्हणून सांगतो, मूळ फाइल पुसू नका. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो आणि त्याच्या पोटातली तारीख-वेळ बहुधा निघून जाते. पाठवा, पण मूळ जपून ठेवा. तुमची साक्ष त्या फाइलमध्ये आहे.

आता पैशाचं बोलतो. सभेत पैशाचं बोलणं आपल्याला अवघड वाटतं, पण पोटपाणी म्हटलं की बोललं पाहिजे.

आमच्या उमेदवारीच्या काळात ऑरवोची फिल्म मिळायची, किंवा उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची इंदू. अख्खे रोल परवडत नसत. शंभर फुटांचा डबा आणायचा, अंधारात हातानं मोजून फिल्म कापायची आणि जुन्या डबीत भरायची. एका डब्यातून सतरा-अठरा रोल निघत. रोल धुवायचा, वाळवायचा, ब्रोमाइड पेपरवर प्रिंट काढायची, पाकिटात घालून बसच्या कंडक्टरच्या हातात द्यायची. पलीकडं कुणीतरी स्टँडवर जाऊन ते घ्यायचं. मग त्याचा जस्ताचा ब्लॉक व्हायचा. बस चुकली की फोटो चुकला. प्रत्येक फोटोला खर्च होता, म्हणून बोट दाबताना दहा वेळा विचार व्हायचा.

निकॉनचा डी-वन कॅमेरा १९९९ साली आला. तीन मेगापिक्सेलसुद्धा नव्हते त्यात. पुढच्या काही वर्षांत फिल्म पेपरच्या कचेरीतून निघून गेली. सगळे म्हणाले, आता फोटोला खर्चच नाही. खर्च कमी झाला हे खरं, पण कुणाचा? पेपरच्या नोकरीत फिल्म कंपनीकडून यायची, डार्करूम कंपनीची असायची. आता कॅमेरा फोटोग्राफरचा, लॅपटॉप त्याचा, इंटरनेटचं रिचार्ज त्याचं, मोटारसायकल आणि पेट्रोलही त्याचंच. खेळापासून मोर्चापर्यंत सगळीकडं लागणारी ७०-२०० मिलिमीटरची चांगली लेन्स लाखांच्या घरात जाते. आणि आपल्या भागातला पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. चार महिने हवेत पाणी. लेन्सच्या आत बुरशीचं जाळं धरतं. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून कॅमेरा जपावा लागतो. तालुक्यातून फोटो पाठवणाऱ्याला पैसे मिळतात ते छापून आलेल्या फोटोचे. तीन-चार दिवस जागेवर उभं राहून दोन फोटो लागले, तर मानधन दोनच फोटोंचं. ते हुबळीला जाण्यायेण्याला आणि एका जेवणाला पुरलं तरी पुष्कळ. म्हणजे आपल्या तालुक्याच्या बातम्यांच्या फोटोंचा खर्च खरं तर लग्नसराई भागवते. ज्यांच्या घरी कार्य होतं ती कुटुंबं नकळत वर्तमानपत्राला अनुदान देत असतात. हे मी उपहासानं म्हणत नाही. हिशेब मांडला की असाच निघतो.

कायदा मात्र आमच्या बाजूनं बराच बोलतो. १९५५ चा श्रमिक पत्रकार कायदा घ्या. त्यात पत्रकार कोण याची जी यादी होती तिच्यात संपादक, उपसंपादक, वार्ताहर, व्यंगचित्रकार यांच्या बरोबरीनं वृत्तछायाचित्रकार होता. चार आठवड्यांत १४४ तासांहून जास्त काम घेऊ नये, असं त्यात लिहिलं होतं. मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी केंद्रानं २०११ मध्ये स्वीकारल्या, ७ फेब्रुवारी २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं त्या वैध ठरवल्या, आणि जून २०१७ मध्ये कंत्राटी कर्मचाऱ्यांनाही त्या लागू आहेत असं सांगितलं. संसदेनं २०२० साली मंजूर केलेल्या कामगार संहितांत तो जुना कायदा विलीन करण्यात आला. तिथंही व्याख्येत वृत्तछायाचित्रकार आहे, आणि डिजिटल माध्यमंही आली आहेत. पण हे सगळं नोकरीत असलेल्या माणसासाठी. ज्याच्याकडं नेमणुकीचा कागदच नाही, ज्याला फोटोमागं पैसे मिळतात, ज्याला अधिस्वीकृती पत्रिका मिळणं दुरापास्त आहे, त्याच्या दारापर्यंत यातलं काहीच पोचत नाही. पोलिसांनी अडवलं तर दाखवायला त्याच्याकडं गळ्यातला कॅमेरा तेवढा असतो.

दुसरं, मालकीचं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं १७ वं कलम प्रत्येक फोटोग्राफरनं एकदा तरी वाचावं. पेपरमध्ये नोकरीला असलेल्यानं नोकरीचा भाग म्हणून काढलेला फोटो पेपरात, मासिकात छापण्याचा पहिला हक्क मालकाचा. पण वेगळा करार नसेल तर बाकी सर्व बाबतींत पहिला मालक फोटो काढणारा. म्हणजे त्या फोटोचं पुस्तक, प्रदर्शन, कॅलेंडर करायचं झालं तर हक्क त्याचा. ‘वेगळा करार नसेल तर’ हे शब्द लक्षात ठेवा, कारण हल्ली सहीसाठी पुढं येणाऱ्या कागदात सगळे हक्क कायमचे लिहून घेतलेले असतात, आणि गरजेपोटी माणूस न वाचता सही करतो. ज्यानं पैसे देऊन फोटो काढवून घेतला, उदाहरणार्थ लग्नाचा, त्या फोटोची पहिली मालकी पैसे देणाऱ्याची. आणि ५७ वं कलम सांगतं, की मालकी विकली तरी ‘हे माझं काम आहे’ असं म्हणण्याचा हक्क विकला जात नाही. म्हणून फोटोखाली नाव छापणं हा उपकार नव्हे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्राचा कॉपीराइट इतर कलाकृतींप्रमाणेच काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या पश्चात ६० वर्षं टिकतो. आपल्या नातवंडांचा त्यावर हक्क आहे, ही गोष्ट आमच्यातल्या किती जणांना ठाऊक आहे?

पण नोकरीच राहिली नाही तर? मे २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ‘शिकागो सन-टाइम्स’नं आपल्या सर्व २८ पूर्णवेळ छायाचित्रकारांना एका दिवसात घरी पाठवलं. त्यात पुलित्झर मिळवलेले जॉन व्हाइट होते. वार्ताहरांना सांगण्यात आलं, मोबाइलवर फोटो काढा. तेव्हा आम्ही म्हणालो, ते अमेरिकेत. नंतर कोरोनाच्या काळात ते आपल्या दारात आलं. पानं कमी झाली, आणि पानं कमी झाली की आधी फोटो जातो, फोटोबरोबर माणूस जातो. आता कचेऱ्या, पक्ष, कारखाने आपापल्या कार्यक्रमांचे फोटो स्वतःच काढून पाठवतात, फुकट. ते छापले जातात. त्यात धोका काय, हे डिसेंबर २०१५ मध्ये दिसलं. चेन्नईच्या पुराची हवाई पाहणी करणाऱ्या पंतप्रधानांचा जो फोटो केंद्राच्या पत्रसूचना कार्यालयानं प्रसिद्ध केला, त्यात खिडकीतलं दृश्य जोडून बसवलेलं होतं. लोकांनी ते ओळखलं आणि फोटो मागं घ्यावा लागला. ज्याचा कार्यक्रम त्याचाच फोटोग्राफर, असं झालं की साक्ष उरत नाही, जाहिरात उरते.

मोबाइलबद्दल मात्र मला आकस नाही. जुलै २०१६ मध्ये म्हादई नदीच्या पाण्यासाठीच्या आंदोलनात आपल्याच जिल्ह्यातल्या नवलगुंद तालुक्यात, यमनूर गावात पोलिसांनी बायाबापड्यांना, म्हाताऱ्यांना मारलं. त्याची दृश्यं बाहेर आली म्हणून राज्यभर संताप उसळला आणि काही पोलीस निलंबित झाले. दृश्य कुणाच्या हातातल्या कशानं टिपलं याला महत्त्व नाही. पण घटना घडून गेल्यावर तिसऱ्या दिवशी, आठव्या दिवशी, सहा महिन्यांनी परत जाऊन बघायचं काम वाटसरू करत नाही. ते ज्याचं पोट त्या कामावर आहे तोच करतो.

सुधारक ओलवे यांचं काम बघा. मुंबईच्या वर्तमानपत्रात नोकरी करताना त्यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांबरोबर जाऊन, गटारात उतरणारी, कचऱ्याच्या गाडीवर झोपणारी माणसं वर्षानुवर्षं टिपली. एका दिवसाच्या बातमीत ते मावण्यासारखं नव्हतं. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली, त्याचा मला आनंद आहेच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की शहराची घाण काढणाऱ्या माणसांना त्यांनी नजरेला नजर भिडवून उभं केलं. आपल्या कर्नाटकात टी. एस. सत्यन यांनी तेच केलं. १९२३ चा जन्म, म्हैसूरचे. ‘डेक्कन हेरल्ड’पासून सुरुवात केली, पुढं नोकरीची हमी सोडून स्वतंत्र काम केलं, युनिसेफसाठी देशभरातली मुलं टिपली. पुढाऱ्यांपेक्षा रस्त्यावरच्या माणसात त्यांचा जीव रमायचा. अशी चिकाटी धरायला महिन्याच्या एक तारखेची शाश्वती लागते, किंवा सत्यन यांच्यासारखी छाती. सगळ्यांना छाती असेल अशी अपेक्षा धरून धंदा उभा राहत नाही.

फोटो कधी काढायचा आणि कधी नाही, हेही या कामात शिकावं लागतं. १९ मार्च २०१९ ला दुपारी धारवाडच्या कुमारेश्वर नगरातली बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली. १९ जणांचा जीव गेला. दोन-तीन दिवसांनंतरही ढिगाऱ्याखालून माणसं जिवंत निघाली. अशा जागी मधूनमधून बचावपथक सगळ्यांना गप्प करतं. जेसीबी बंद, जनरेटर बंद, बोलणं बंद. खालून कुणी ठोठावतंय का, कण्हतंय का, ते ऐकायचं असतं. त्या वेळी कॅमेऱ्याच्या शटरचा आवाजसुद्धा हातोड्यासारखा वाटतो. हात आपोआप खाली येतो. समोर फ्रेम असते, उजेड असतो, आणि आपण कॅमेरा छातीशी धरून नुसते उभे असतो. तो न काढलेला फोटोही कामाचाच भाग आहे. मग आई येते, आणि स्ट्रेचरवर काय आहे ते तिला कळतं. तो फोटो काढायचा का? मी म्हणतो, काढायचा, पण तिच्या अंगावर चालून जाऊन नाही. लांबून, बाजूनं, एकदा, दोनदा. आणि मागं सरायचं. छापायचा की नाही हे संपादकानं ठरवावं, पण ती बाई कोण, तिला आता फोटो छापलेला चालेल का, हे विचारून सांगणं आपलं काम. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्याची, गुन्ह्याशी संबंध आलेल्या लहान मुलांची ओळख उघड करणं तर कायद्यानंच गुन्हा आहे. चेहरा पुसट केला, पण घराचा पत्ता दाखवणारी पाटी तशीच राहिली, असे फोटो अजून छापले जातात. गाव लहान असलं की पाटीही लागत नाही, दारातली तुळस बघून लोक घर ओळखतात.

बायकांनी या धंद्यात यावं की नाही असं अजून विचारलं जातं. मी छायाचित्रकार होमाई व्यारावाला यांच्याकडं बोट दाखवतो. १९१३ चा जन्म नवसारीचा, शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये. सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावानं छापले जायचे. ‘डालडा १३’ हे टोपणनावही त्यांनी घेतलं. स्वातंत्र्याच्या वेळचा आणि नंतरच्या दोन दशकांचा दिल्लीचा इतिहास त्यांच्या फोटोंत आहे, आणि देशानं त्यांना पद्मविभूषण दिलं ते २०११ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी. म्हणजे नाव मिळायला अख्खं आयुष्य गेलं. आणि २२ ऑगस्ट २०१३ ला मुंबईत शक्ती मिलच्या बंद आवारात, नेमून दिलेल्या कामासाठी गेलेल्या तरुण छायाचित्रकार मुलीवर सामूहिक बलात्कार झाला. बरोबर सहकारी होता. त्या घटनेनंतर मुलींना बाहेरच पाठवू नका, टेबलाशी बसवा, असा सूर ठिकठिकाणी ऐकू आला. मला त्याचा मनापासून राग आहे. पाठवणाऱ्यानं आधी जागा बघावी, गाडी द्यावी, परत येईपर्यंत फोनवर राहावं. हे सोडून मुलीचं कामच काढून घेणं म्हणजे गुन्हेगाराचं म्हणणं मान्य करणं आहे.

जीव धोक्यात येतो तो सगळ्यांचाच. छायाचित्रकार दानिश सिद्दिकी यांच्यामागं रॉयटर्ससारखी जगभर पसरलेली संस्था होती, नाव होतं, २०१८ चं पुलित्झर होतं. १६ जुलै २०२१ ला कंदाहार प्रांतात स्पिन बोल्डकजवळ ते मारले गेले. एवढं पाठबळ असूनही हे होतं, तर दगडफेकीत साधं हेल्मेटही न घालता उभ्या असलेल्या आपल्या पोराचं काय? महाराष्ट्रानं पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध २०१७ साली कायदा केला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायदा हवाच. पण दवाखान्याचं बिल आणि फुटलेल्या कॅमेऱ्याचे पैसे हल्लेखोरानं द्यावेत असं कायदा म्हणत असला, तरी ते हातात पडेपर्यंत खर्च कुणी भागवायचा, हे तो सांगत नाही. अपघाताचा विमा आणि कॅमेऱ्याचा विमा, एवढं जरी पेपरनं आपल्या तालुका प्रतिनिधीला दिलं तरी घरात बायको-मुलं निर्धास्त झोपतील. तो खर्च एका जाहिरातीच्या चौकटीइतकाही नाही.

आमच्याकडूनही काही मागणं रास्त आहे. जानेवारी २०१४ मध्ये असोसिएटेड प्रेसनं नार्सिसो काँट्रेरास या पुलित्झर विजेत्या छायाचित्रकाराबरोबरचे संबंध तोडले. कारण काय? सीरियातल्या एका फोटोच्या कोपऱ्यात सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा दिसत होता, तो त्यांनी पुसला. बातमीचा अर्थ बदलला नव्हता. तरीही संस्थेनं खपवून घेतलं नाही. आणि आपण? “साहेब, झाड परत एकदा लावा,” “ताई, जरा रडा,” हे सर्रास चालतं. आता तर चार शब्द टंकले की न घडलेल्या पुराचा फोटो यंत्र तयार करून देतं. अशा काळात खऱ्या फोटोला किंमत येणार ती एकाच गोष्टीमुळे: तो काढणारा माणूस पुढं येऊन म्हणेल, मी तिथं होतो. त्याचं नाव नसेल तर हे कोण म्हणणार?

वाचक म्हणून तुमच्याकडं माझं एक मागणं आहे, आणि ते याच गावात पुरं होण्यासारखं आहे. आपल्या भागातल्या जुन्या स्टुडिओंच्या माळ्यांवर निगेटिव्हच्या पेट्या पडून आहेत. जत्रा, पूर, दुष्काळ, निवडणुका, रस्ता झाला तो दिवस, शाळेच्या इमारतीचा पाया खणला तो दिवस. स्टुडिओ बंद झाले, मुलं बंगळूर-पुण्याला गेली, पेट्या तशाच राहिल्या. ॲसिटेटच्या जुन्या फिल्मला सडताना आंबूस, शिरक्यासारखा वास येतो; पेटी उघडल्यावर तो आला तर दिवस थोडे उरलेत असं समजावं. वाचनालयात एक कोरडं कपाट मिळालं, कॉलेजची दोन मुलं आणि एक स्कॅनर मिळाला, तर पुढच्या पावसाळ्याआधी बरंच काही वाचेल. या निगेटिव्ह ज्यांच्या आहेत त्यांच्या परवानगीनं, त्यांची मालकी त्यांच्याकडंच ठेवून हे करता येईल. संयोजकांशी मी बोललो आहे, तेही तयार आहेत.

निगेटिव्हच्या पेट्यांबरोबर घरचे जुने फोटोही हवे आहेत. ते आणणाऱ्यांनी फोटो अल्बममधून ओढून काढू नयेत, चिकटलेले असले तर अल्बमसकट आणावेत. सुटे असतील तर मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीनं गाव, साल, फोटोतल्या माणसांची नावं आणि फोटो कुणी काढला ते लिहावं. बॉलपेननं लिहू नये, त्याचा वळ पुढं उमटतो. फोटो काढणाऱ्याचं नाव आठवत नसेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आत्ताच विचारून घ्या. पेट्या आणि फोटो येत्या रविवारपासून सकाळी दहा ते एक या वेळात वाचनालयात घेतले जातील, आणि त्या वेळेला मी तिथं बसलेला असेन.